पदराखालचा रंग

"आदी दार लावा," बयाबाई म्हणाल्या.

"दार उघडंच राहील," चारुशीलाबाई म्हणाल्या. "रंग दारातच बघायचा असतो."

दोघींच्या वयांची बेरीज दीडशेला टेकली होती आणि आपला शब्द शेवटचा असण्याची दोघींनाही जन्मभराची सवय होती. त्यामुळे सांगलीतल्या त्या छोट्याशा खोलीत क्षणभर कोणीच हलले नाही. कृत्रिम हातपाय तयार करणाऱ्या केंद्राची ती पुढची खोली. फळीवर प्लास्टरचे पंजे आणि पावले ओळीने मांडलेली, टेबलावर एक लॅपटॉप, आणि टेबलापाशी, हातात जाडसर पेनासारखे एक यंत्र धरून, कोणत्या आजीचे ऐकावे या पेचात पडलेली स्वानंदी. चारुशीलाबाईंची ही नात. कातडीला धक्का न लावता, नुसत्या उजेडाने तिचा अभ्यास करायचा, हा तिच्या संशोधनाचा विषय. गेले वर्षभर ती या केंद्रात येणाऱ्यांच्या कातडीचा रंग मोजून देत होती. म्हणजे बसवायचे बोट किंवा कान त्या माणसाच्या अंगाला शोभेल असा करता येई. रंग पारखायला तिने आता आजीलाही सोबत घेतले होते.

बयाबाई आटपाडीच्या पलीकडच्या एका धनगरवाडीतून सकाळच्या पहिल्या एसटीने आल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत पदराखाली होता. तो तिथे ठेवण्यात इतकी सफाई होती, की पाहणाऱ्याला ती त्यांच्या बसण्याची ढबच वाटावी. शेजारी त्यांची नात माया उभी होती. तिचे लग्न ठरले होते.

"गल्लीतनं मानसं जात्यात," बयाबाई म्हणाल्या.

"जाऊ देत. त्यांना त्यांची कामं आहेत."

"तुमाला काय जातंय म्हनाया? तुमची धा हायती."

चारुशीलाबाईंनी आपल्या दहा बोटांकडे एकवार पाहिले. त्या उठल्या. आपली खुर्ची ओढत उंबऱ्यापाशी नेली, गल्लीकडे पाठ केली, पदर दोन्ही खांद्यांवरून पसरून घेतला आणि बसल्या. बाहेरून आता त्यांच्या पाठीखेरीज कोणाला काही दिसण्याजोगे उरले नाही. उजेड मात्र डोक्यावरून आत येत राहिला.

"या इथे समोर. आता तुमचा हात मला दिसेल आणि उजेडाला दिसेल. तिसऱ्या कोणाला दिसणार नाही."

माया खुदकन हसली. "आज्जे, तुला तुझ्यासारकी भेटली गं!"

बयाबाईंनी नातीकडे एक कटाक्ष टाकला, स्टूल पुढे सरकवले आणि हात बाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, दोन्ही मुळापासच्या एका पेरावर संपत होती. बाकीचा हात घडीव होता; लोकर पिंजून, कातून तयार झालेला.

"सुई हाय का ह्यात?" स्वानंदीच्या हातातल्या यंत्राकडे पाहत त्यांनी विचारले.

"नाही मावशी. नुसता उजेड आहे. तो कातडीवर पडतो. थोडा कातडीतला रंग गिळतो, थोडा आतलं रक्त गिळतं, उरलेला माघारी येतो. माघारी किती आला, एवढंच हे मोजतं."

"कापत न्हाई?"

"ओरखडासुद्धा उठत नाही."

"मग अकरा वर्सांमागं आमच्या कडबाकुट्टीच्या जागी ह्येच यंत्र का न्हाई बशीवलं कुनी?" बयाबाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसल्या.

कडबाकुट्टीत हात गेला तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत, असे वाडीत अजून सांगतात. जखम भरली, आणि भरल्या दिवसापासून हात पदराखाली गेला तो गेला. कामे थांबली नाहीत. डाव्या हाताने भाकरी थापण्यापर्यंत मजल गेली. थांबली ती एकच गोष्ट, आणि ती मायाने सांगितली. बयाबाई सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

"अकरा वर्सांत घरातल्या एकाबी लग्नात हिनं हळद लावली न्हाई, बाई. सवाशिणींत पैला मान हिचा. पर कवा हिची पाठ दुखती, कवा म्हनती चुलीपाशी कोन हाय."

"गप गं."

"का गप? आजोबा धडधाकट बसल्यात घरात, तू सवाशीण हायस. कुनी तुला काय म्हनलंय का? कुनीच न्हाई. तूच म्हनतीस, अपुऱ्या हातानं हळद लावू नगं." माया चारुशीलाबाईंकडे वळली. "मी सांगून टाकलंया. आज्जीनं पैली हळद लावल्याबिगर मी पाटावर बसनार न्हाई."

"आन मी न्हाई लावली तर?"

"तर नवरा आला तसा मलकापूरला माघारी जाईल. कराडच्या पुलावर कुनी इचारलं, तर काय सांगायचं त्ये त्याचं तो बघंल."

चारुशीलाबाईंना ही मुलगी आवडली. हट्ट करावा तर असा, मुद्द्याचा.

"लग्न कधी?"

"वैशाखात. आजून अडीच म्हयनं हायती."

"पुरे आहेत," चारुशीलाबाई म्हणाल्या. "स्वानंदी, घे रीडिंग."

स्वानंदीने यंत्राचे पांढरे टोक हाताच्या पाठीवर ठेवले. क्षणभर उजेड चमकला आणि लॅपटॉपवर एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली. चारुशीलाबाईंनी रेघेकडे पाहिले, हाताकडे पाहिले.

"हा रंग ह्या हाताचा नाही."

"आजी, यंत्र..."

"यंत्राला मी काही बोललेच नाही. तू दाबतेस. दाबलं की रक्त बाजूला सरतं आणि हात फिका दिसतो. कापड हवं तेवढं दाब, त्याला रक्त नसतं. हाताला नुसतं टेकव. झोपलेल्या मुलाच्या कपाळाला टेकवावं तसं."

दुसऱ्या खेपेला रेघेच्या मध्यावर दोन लहान खळग्या पडल्या. रक्ताने उजेड खाल्ला होता तिथे. स्वानंदीने मान वर करून आजीकडे पाहिले आणि आणखी चार ठिकाणी यंत्र टेकवले, अलगद.

मग चारुशीलाबाईंनी बयाबाईंचे दोन्ही हात शेजारी-शेजारी ठेवायला सांगितले. डावा हात चिंचेच्या टरफलासारखा तपकिरी होता. उजवा गव्हाच्या कोंड्यासारखा फिका.

"हे असं कसं?"

"आसं कसं म्हंजी? एक उनात, एक सावलीत. ह्यो पदराखाली आसतुया."

"आजी, डाव्याचंही रीडिंग घेऊन ठेवू का?" स्वानंदीने विचारले. "दोन्हींच्या मधला रंग केला तर..."

"मधला रंग म्हणजे दोन्हीकडून चुकलेला रंग. ज्या कापडाला ठिगळ लावायचं त्या कापडाशी जुळवायचं. बोटं ह्या हातावर बसायची आहेत. विषय संपला."

विषय संपला.

चारुशीलाबाई हे बोलू शकत होत्या, कारण रंग या विषयावर त्यांच्यापुढे बोलणारे सांगली-माधवनगरात फारसे कोणी उरले नव्हते. माहेर वाईचे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन लग्नानंतर सांगलीत आल्या, आणि पती गंगाधरपंतांनी हो-ना करायच्या आत माधवनगरच्या एका कापड गिरणीत रंगखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरून मोकळ्या झाल्या. त्या खात्यात त्यांच्याआधी बाई म्हणून कोणी नव्हती. कापडाचा ठरलेला रंग, ज्याला तिथे सगळे शेड म्हणत, तो नमुन्याबरहुकूम उतरला की नाही हे त्यांनी तेहतीस वर्षे ठरवले. पद्धत एकच: ट्यूबलाइटखाली जमलेला रंग पहिल्या नजरेत मंजूर करायचा नाही; तुकडा हातात घेऊन उत्तरेच्या दारात जायचे. दिव्याखाली जुळे वाटणारे दोन रंग दिवसाच्या उजेडात परके निघतात, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते. मंजूर तुकड्यामागे त्या 'ठीक' असा शब्द लिहीत आणि खाली आद्याक्षर. तेहतीस वर्षांत त्यांनी 'ठीक' लिहिलेली एकही शेड व्यापाऱ्याकडून परत आली नाही. गिरणी बंद पडली, तिच्या पत्र्याच्या शेडही पुढे कोणी कोणी उचलून नेल्या, गंगाधरपंत गेले. हे एक वाक्य मात्र चारुशीलाबाईंपाशी शाबूत होते.

त्याला आत एक बारीक चीर गेली होती, ती त्यांनी कोणाला दाखवली नव्हती. मागच्या दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि न्हाणीघराच्या दारावर वाळत घातलेला पांढरा पंचा त्यांना नीळ दिल्यासारखा शुभ्र दिसला. सहज म्हणून डावा डोळा मिटून त्यांनी तोच पंचा उजव्या डोळ्याने पाहिला. तो पिवळट होता. बेसनाच्या पाण्यातून काढल्यासारखा. त्या न्हाणीघराच्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणजे किती वर्षे आपण हा पिवळेपणा पांढरा समजून चाललो होतो? शेवटची दहा? वीस? गिरणीतली शेवटची वर्षेही त्यात आली का? याचा हिशोब लागण्यासारखा नव्हता. तेव्हापासून रंग पाहताना त्या उजवा डोळा मिटून घेत, आणि कोणी पाहिलेच तर डोळ्यात काहीतरी गेल्याचे सांगत.

बयाबाईंची बोटे घडवायला पाच आठवडे लागले. साचा आणि ओतकाम केंद्रातली माणसे करीत. रंगाचे काम आजी-नातीचे. स्वानंदीने रेघेवरून प्रमाण काढून दिले: तांबडा किती, पिवळा किती, तपकिरी किती, आणि चिमटीत मावणार नाही इतका निळा. पातळ सिलिकॉनचे थर एकावर एक चढत गेले. शिरांचा भास व्हावा म्हणून त्यात तांबड्या-निळ्या धाग्यांची धुळीसारखी कात्रण मिसळली. दर थरानंतर चारुशीलाबाई तुकडा घेऊन दारात जात, उजवा डोळा मिटत, आणि "अजून थोडा तांबडा", "आता हात आवर" असे हुकूम सोडीत. तीनदा केलेले काम मोडून पुन्हा करायला लावले. चौथ्यांदा त्या दारातून परत आल्या, तुकड्यामागे कागद चिकटवला आणि बऱ्याच वर्षांनी 'ठीक' लिहिले.

बोटे बसवायच्या दिवशी खुर्ची पुन्हा उंबऱ्यापाशी गेली. टोपणासारखी ती दोन बोटे स्वानंदीने खुंटांवर सरकवली. जोड अंगठीएवढ्या रुंदीचा. जवळून पाहिल्याखेरीज कळत नव्हता.  माया तोंडावर हात धरून उभी होती.

बयाबाईंनी मूठ मिटली. तीन बोटे मिटली. नवी दोन ताठ राहिली.

"वाकत न्हाईत जनू."

"नाही वाकणार. दिसण्यापुरतीच आहेत ती," चारुशीलाबाई म्हणाल्या. खोटी आशा दाखवणे त्यांना कधी जमले नव्हते.

"आसू द्या. घरात दोन सुना हायत्या, त्याबी वाकत न्हाईत. चालतंय." बयाबाई हात उलटा-सुलटा करून पाहत होत्या. "आन ह्या शिरा? ह्या कशाच्या?"

"बारीक कातरलेल्या धाग्याच्या."

"म्हंजी लोकरच की वो! आदी सांगायचं न्हाई व्हय? आमच्या मेंढीची आनली आसती. बाहेरची कशाला घातली?"

जाताना स्वानंदीने त्यांना सूचना दिल्या. धुवायचे कसे, रात्री काढून ठेवायचे कुठे. मग जरा चाचरत म्हणाली, "आणि मावशी, हळद ह्याला पटकन धरते. त्या दिवशी वरून पातळ हातमोजा घातला तर..."

"हातमोजं घालून हळद लावू? लोक म्हनतील, नवरीला रोग झालाया."

"मुळीच हातमोजा घालायचा नाही," चारुशीलाबाईंनी निकाल दिला. "उघड्या हाताने लावा. मग साबणाने धुवायचं आणि उन्हात ठेवायचं. हळदीचा रंग पाण्याला दाद देत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही. आठ दिवसांत उतरेल."

बयाबाईंनी मान डोलावली. दाराशी जाऊन त्या थांबल्या. उजवा हात सवयीने पदराकडे निघाला होता. त्याला त्यांनी अर्ध्या वाटेवर अडवले आणि तसाच, ना आत ना बाहेर, पोटाशी धरून त्या गल्लीत उतरल्या.

वैशाखात मायाने फोटो पाठवला. मुंडावळ्या बांधलेली माया पाटावर बसली होती आणि तिच्या गालावर हळदीने माखलेला एक हात होता. पाच बोटांचा. मागे बायकांची गर्दी, आणि हाताच्या मालकिणीचा चेहरा फोटोच्या कडेला अर्धा कापला गेलेला. हसू मात्र त्या अर्ध्यातच होते.

"फोनमधल्या रंगावर विश्वास ठेवू नये," चारुशीलाबाई म्हणाल्या. जेवणे झाल्यावर म्हणाल्या, "तो फोटो जरा पुन्हा दाखव."

दीड महिना गेला. एके दिवशी अकराच्या सुमाराला स्वानंदीचा केंद्रातून फोन आला. "आजी, बयामावशी आल्यात. येतेस का?" मग ती म्हणाली, "बोट जुळत नाहीये. बरंच."

चारुशीलाबाईंनी फोन ठेवला. साडी बदलली, वेणी नीट केली, चपला घातल्या. यातले काही चुकले नाही. रिक्षात बसल्यावर मात्र हातातली पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली. परत आली. तेहतीस वर्षांत आली नाही ती शेड आज परत आली, आणि तीही कापडाची नव्हे. एका बाईच्या हातावरची. दोष कुठे राहिला हे त्यांना ठाऊक होते. डाव्या डोळ्यावर आपण नको इतका भरवसा टाकला. कोण जाणे, तोही खरे दाखवीत नसेल. आणि बयाबाईंचा हात आता पुन्हा पदराखाली गेला असेल. या वेळी कायमचा.

केंद्राचे दार उघडे होते. बयाबाई टेबलापाशी स्वस्थ बसल्या होत्या, आणि त्यांचा उजवा हात टेबलावर पसरून ठेवलेला होता. पदराच्या आसपासही नव्हता.

चारुशीलाबाईंनी हाताकडे पाहिले. करंगळीच्या जागी नुसता खुंट. शेजारी ते बोट, त्यांनी 'ठीक' म्हटलेले. पण फिके, ओशाळलेले, दुसऱ्याच कोणाच्या हातावरून उचलून आणल्यासारखे.

"करंगळी कुठे आहे?"

"करडानं खाल्ली."

"काय?"

"आवं, हळद उतरावी म्हनून तुमीच सांगितल्यावानी उनात ठिवली व्हती, कट्ट्यावर. शेळीचं करडू आलं आन घिऊन पळालं. मी मागं, करडू फुडं. आमचं म्हातारं खाटंवर बसून वरडतंय, 'हात धर त्याचा, हात धर!' म्हनलं, करडाला कुठला हात? माझाच हात त्याच्या तोंडात हाय!"

स्वानंदीला हसू आवरेना. चारुशीलाबाईंना हसू आले नाही. त्या उभ्याच होत्या.

"स्वानंदी, ह्या बोटाचं रीडिंग घे. आत्ता घेतलेलं आणि मी मंजूर केलं त्या दिवसाचं, दोन्ही एकावर एक दाखव."

यंत्र टेकले. उजेड चमकला. पडद्यावर जुनी रेघ होती. नवी तिच्यावरून चढत गेली आणि शेवटपर्यंत तिला सोडून इकडे-तिकडे झाली नाही. कुठे दोन दिसल्या असतील तर केसाएवढ्या.

"आता हात."

हाताची रेघ उमटली. माघ महिन्यातल्या रेघेच्या कितीतरी खाली, आपल्या वेगळ्याच वाटेने गेलेली. यंत्राला नमुना लक्षात होता. डोळ्यांना राहत नाही इतका पक्का.

"आजी," स्वानंदी म्हणाली, "बोट आहे तिथंच आहे. हात बदललाय."

चारुशीलाबाई खाली बसल्या. मग त्यांनी बयाबाईंचा डावा हात ओढून उजव्याशेजारी ठेवला. दोन्ही हात चिंचेच्या टरफलासारखे. फरक होता तो उन्नीस-बीसचा.

"हे कधी झालं?"

"कवा झालं त्ये मला काय ठावं?" बयाबाई म्हणाल्या. "हळदीदिशी बाहेर काढला. सगळ्यांनी बघितला. कुनी म्हनलं, बोटं झ्याक झाली. कुनी म्हनलं, वाकत न्हाईत. दुपारपतुर सगळ्यांचं बघून झालं, मग जो तो जेवाया पळाला. मग म्हनलं, आता पुन्ना झाकून काय करू? तवापासनं भाईरच हाय. पानी आनलं, शेरडं हाकली, लोकर वाळवली. करडानं करंगळी नेली तरी आत घ्याचं ध्यानात आलं न्हाई. परवा सून म्हनली, 'आत्ती, तुमचा हात काळा झाला, बोट गोरं ऱ्हायलं.' मग बघितलं तर व्हय की!"

 चारुशीलाबाईंनी पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून निघताना स्वानंदीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. "ही डाव्या हाताचं रीडिंग घेऊ का म्हणत होती. मी ऐकलं नाही. मी हाताला कापड समजले. कापड रंगवलं की तिथेच थांबतं. हात थांबत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"चूक कसली वो? त्या दिशी जसा व्हता तसाच केला की तुमी. पावन्यांतला एकबी मानूस वळखू शकला न्हाई त्या दिशी. मायाची सासू माझ्या शेजारी बसून जेवली, तिला आजून ठाऊक न्हाई."

"तरीही नवी करून देऊ. दोन्ही. आताच्या हाताला जुळतील अशी."

"करंगळी द्या. आताच्या हातासारकी." बयाबाईंनी ते फिके बोट डाव्या हाताच्या चिमटीत धरले. "ह्ये ऱ्हाऊ द्या."

"अहो, उठून दिसतंय ते."

"दिसू द्या. ह्यानं मायाला हळद लावलीया." बोट किंचित वळवून त्यांनी पेराची घडी दाखवली. घडीत केसाएवढी पिवळी रेघ होती. "बगा, सांदीत आजून हाय. तितं ऊन पोचत न्हाई. आन अकरा वर्सं हात कसा व्हता, त्येबी कुटंतरी दिसाया नगं व्हय?"

चारुशीलाबाईंनी ते बोट दाराकडे वळवून पाहिले. अकरा वर्षांच्या सावलीचा रंग. हुबेहूब उतरला होता. इतका, की ती सावली निघून गेली तरी तो मागे राहिला. त्यांनी बोट सोडले.

"बरं. तुमचं म्हणणं राहू दे," त्या म्हणाल्या. शेवटचा शब्द दुसऱ्याला देणे इतके सोपे असेल, असे त्यांना वाटले नव्हते.

स्वानंदीने नवे रीडिंग घ्यायला सुरुवात केली. या वेळी दोन्ही हातांचे, न विचारता. चारुशीलाबाई तिचे अलगद टेकवणे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्वानंदी, एक सांगायचं होतं. माझा उजवा डोळा पिवळं दाखवतो. डाव्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला कळलंय. इथून पुढे आधी यंत्राचं बघत जा, मग मला दारात दाखव."

स्वानंदीने मान वर केली नाही. "मला माहीत आहे, आजी. तू उजवा मिटतेस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस, डोळ्यात काहीतरी गेलंय."

बयाबाई दोघींचे ऐकत होत्या. "आन उजव्याचं कवा करायचं?" त्यांनी विचारले.

"काय?"

"आप्रेशन. डाव्याचं केलं न्हवं? मग उजव्याचं का ठिवलंय? लोनचं घालायचंय का?"

चारुशीलाबाईंना हसू आले. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. "करते," त्या म्हणाल्या. "नवी करंगळी न्यायला याल, तोवर करून टाकते."

"माझी करंगळी, तुमचा डोळा. ठरलं."

काम आटोपले. बयाबाईंनी भाकरीचे फडके पिशवीत घातले, पिशवी डाव्या खांद्याला अडकवली. दारात खुर्ची नव्हती. ती आज कोणी हलवलीच नव्हती. त्या तशाच उंबऱ्याबाहेर पडल्या. चारुशीलाबाई दारात उभ्या राहून त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

गल्लीच्या तोंडाशी ऊन लख्ख होते. तिथे पोचल्यावर बयाबाईंनी एसटी स्टँडकडे जाणारी रिक्षा थांबवण्यासाठी हात वर केला. उजवा. करंगळी नसलेला, त्या एका फिक्या बोटाचा. चारुशीलाबाईंनी आधी उजवा डोळा मिटून पाहिले, मग डावा मिटून पाहिले. इतक्या लांबून शेड सांगणे कोणालाच शक्य नव्हते. मग त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले.

हात वर होता. रिक्षा थांबली.